बारकीच्या जागी आलेली बाई

मुकादमाला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा दार उघडायला जी बाई आली ती त्याची बायको नव्हती.

दिसायला थेट बायकोसारखी होती, यात वाद नाही. तीच बारीक अंगलट, डाव्या भुवईतून गेलेली जुनी खोक, हसताना एका बाजूला सरकणारं तोंड. अंगावरचे कपडेसुद्धा बायकोचेच. "आलात एकदाचे! या, हळू या, उंबऱ्यापाशी जपून," म्हणत तिने त्याचा हात धरला आणि मुकादम आतल्या आत आक्रसला. परक्या बाईने असा एकदम हात धरावा? त्याने तो सभ्यपणे सोडवून घेतला, आत जाऊन खुर्चीत बसला आणि एकेक वस्तू न्याहाळू लागला. खुर्ची आपलीच. हाताला गुळगुळीत लागणारी तिची डावी कड आपलीच. खिडकीचा गंजलेला कोयंडा, टेबलावरचा भाजल्याचा गोल डाग, कोपऱ्यातले रबरी बूट, सगळं आपलं. घर खरं होतं. तेवढी बाई खोटी होती.

"चहा टाकू ना?" बाईने विचारलं.

"टाका," मुकादम म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात बाई थबकली. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. थट्टा करतोय असं वाटून ती हसली. मुकादम हसला नाही.

हा मुकादम दूधसंस्थेच्या मोठ्या गोठ्यावरचा. लांबच लांब पत्र्याचं छप्पर, मधून सिमेंटची वाट, दोन्ही अंगांना गव्हाणी आणि लोखंडी पाइपांच्या कप्प्यांत उभ्या गाई. उमेदीची सगळी वर्षं त्याने तिथे काढली. कुठली गाय कोणाशेजारी बांधली तर शिंगं रोखते, कोणाची मैत्रीण विकली गेल्यावर कोणी चारा सोडला, नवी आलेली कालवड कोणासमोर मान खाली घालते, हे त्याला चेहरे बघूनच समजायचं. संशय घेणं हे त्याच्या कामातच आलं. वैरणीला कुबट वास तर नाही? दुधात पाणी तर नाही? ही आज रवंथ का करत नाही? सगळ्यांवर डोळा ठेवायची सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती.

बायकोची गाठही या संशयामुळेच पडली. वैरण पुरवणाऱ्याचा एक गाडा त्याने माल दमट आहे म्हणून परत पाठवला होता. तासाभरात गाडा पुन्हा दारात. यावेळी वर वैरणवाल्याची धाकटी मुलगी बसलेली. ती खाली उतरली, गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात खुपसला, मधली मूठभर वैरण काढून त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, "आधी वास घ्या, मग नावं ठेवा." घरात सगळ्यात लहान म्हणून तिला बारकी म्हणत. लग्नानंतरही ती बारकीच राहिली. वासरांच्या विभागात कामाला लागली, बाटलीने दूध पाजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

अपघात अगदी साधा. गोठा धुताना मुकादमाचा पाय घसरला आणि कानशील पाइपावर आपटलं. बरेच दिवस तो शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला तेव्हा डोळे सुजलेले, डोक्याला कानांवरून पट्ट्या. उशाशी बसून पाणी पाजणाऱ्या बाईला तो नर्सच समजत होता. आता घरी आल्यावर, लख्ख उजेडात, त्याला पहिल्यांदा सगळं नीट दिसलं.

मुकादम आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. चोर पकडायचा तर त्याला सैल सोडावा लागतो, हे त्याला गोठ्याने शिकवलं होतं. त्याने जेवता जेवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपण त्या पहिल्या घरात राहायचो, त्याचं छप्पर कुठे गळायचं हो?"

"पलंगाच्या डोक्याशी," बाई म्हणाली. "तुम्ही बादली ठेवायचात आणि झोपेत तिलाच लाथ मारायचात."

बरोबर होतं. मुकादमाने मान डोलावली आणि मनाशी म्हणाला, तालीम पक्की झालेली आहे.

मग त्याचं लक्ष मेहुण्यावर गेलं. बारकीचा थोरला भाऊ दर दोन-चार दिवसांनी यायचा, फळं आणायचा, आणि मग स्वयंपाकघरात त्या बाईशी दबक्या आवाजात बोलायचा. मुकादम पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी गेला. मेहुणा म्हणत होता, "थोडे दिवस बघ. नाहीच जमलं तर मी तुला घेऊन जातो." मुकादमाला पाहताच दोघंही गप्प झाले. बाईने घाईघाईने डोळे पुसले.

आता संशयाला जागाच उरली नाही. मेहुण्याने बहिणीला कुठेतरी नेऊन ठेवलं होतं आणि तिच्या जागी ही बाई आणून बसवली होती. फक्त का, ते कळत नव्हतं. मुकादमाकडे लुटण्यासारखं काही नव्हतं. कोणाशी वैर नव्हतं. तो तासन् तास विचार करायचा, आणि कारण जेवढं सापडेना तेवढा हा कट त्याला खोल वाटू लागला.

लेक दुसऱ्या गावाहून आली. तिला पाहून मुकादमाला भरून आलं. ही मात्र आपलीच, शंभर टक्के. पण लेकीने आत येताच त्या बाईला मिठी मारली. पोरीलासुद्धा बनवलं होतं यांनी. संधी मिळताच त्याने तिला ओसरीत ओढलं.

"तुझी आई कुठे आहे?"

"आत आहे की, बाबा. भाजी चिरतेय."

"ती नव्हे गं. खरी. आवाज वाढवू नकोस. ही बाई तिच्यासारखी दिसते, एवढंच."

लेकीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो वेडापिसा दिसत नव्हता. दाढी केलेली, सदऱ्याची बटणं नीट लावलेली, आवाज शांत. तेच तिला जास्त भीतिदायक वाटलं. दुसऱ्याच दिवशी ती त्याला डोक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयाने मुकादमाएवढ्याच होत्या. त्यांनी फोटो दाखवले, प्रश्न विचारले, त्याचं सगळं न टोकता ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गाई एकमेकींना ओळखतात ना?"

"ओळखतात म्हणजे? वर्षभराने परत आणलेली गायसुद्धा आपल्या मैत्रिणीशेजारीच जाऊन उभी राहते."

"कशी? कळपात राहणाऱ्या प्रत्येक जनावराच्या डोक्यात बाकीच्यांची जागा असते. मेंढीच्या असते, माकडाच्या असते, आपल्या असते. आणि त्या जागेपर्यंत मेंदू एकाच वाटेने जात नाही. एक वाट सांगते, हा चेहरा कोणाचा. दुसरी सांगते, हे माझं कोण लागतं. घरचं माणूस समोर आलं की आपल्याला न कळत आत काहीतरी हलतं. तुमची पहिली वाट शाबूत आहे. दुसरीला मार बसलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे बायको समोर आली की चेहरा तिचा दिसतो, पण आतून काही उमटत नाही. मग मेंदू त्याचा अर्थ लावत बसतो. चेहरा तिचा, पण आपलं कोणी वाटत नाही, तेव्हा ही ती नव्हेच. अगदी जवळच्या माणसाच्या बाबतीतच असं होतं, कारण तिथेच आत सगळ्यात जास्त हलायला हवं असतं."

मुकादमाने सगळं लक्ष देऊन ऐकलं. डॉक्टरीणबाई बोलत होत्या छान. इतक्या छान, की यांनाही मेहुण्याने आधी भेटून ठेवलं असावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण एक गोष्ट त्याने पकडली.

"माझं डोकं बिघडलंय असं धरून चालू," तो म्हणाला. "पण गोठ्यातल्या गाईचं डोकं तर बिघडलेलं नाही ना? तिच्या डोक्यातही बायकोची जागा असणार."

"असणारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि हा प्रश्न कुठे जाणार आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

गोठ्यात कावळी नावाची एक काळीकुट्ट गाय होती. तिला जन्म देऊन आई मेली, तेव्हा बारकीने तिला बाटलीवर वाढवली होती. कावळी परक्याला उभं करत नसे. तिच्या कासेला हात लावायचा तर तो ओळखीचाच हवा, नाहीतर पान्हा चोरून घ्यायची आणि वर लाथ झाडायची. मुकादम घरी येऊन बाईला म्हणाला, "उद्या जरा गोठ्यावर येता का? कावळीला भेटू."

बाईचा चेहरा खुलला. नवरा आपण होऊन कुठे चला म्हणत होता. जाण्याआधी तिने केस धुतले, नवी चप्पल घातली. लेकही बरोबर निघाली.

गोठ्यात मुकादम कप्प्याच्या तोंडाशी उभा राहिला, जवळजवळ कावळीच्या नाकाशी, आणि त्याने डोळे बाईवर रोखले. बाई पुढे झाली. ही आपली परीक्षा आहे, हे तिच्या आता ध्यानात आलं होतं. "काय गं कावळे," म्हणायला तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. तिने कासेकडे हात नेला मात्र, कावळीने मान झटकली, अंग चोरलं आणि मागचा पाय असा काही झाडला की बादली लोळत वाटेपर्यंत गेली.

"पाहिलंत?" मुकादम म्हणाला. तो लेकीकडे बघून बोलत होता, साक्षीदाराकडे बघावं तसा. "मी काय सांगत होतो?"

बाई सिमेंटवर बसून रडू लागली. मुकादमाला विजयाचा आनंद झाला नाही. कोणाची तरी बाई, पोटासाठी असं सोंग आणत असेल बिचारी, असं वाटून त्याला तिची कीव आली. त्याने तिला खिशातला रुमाल दिला.

त्या संध्याकाळी बाई मेहुण्याकडे राहायला गेली. लेक बापाजवळ थांबली. मुकादमाला हलकं वाटलं. कट उघडा पडला, आता बारकीला सोडतील, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. लेक आंघोळीला गेली होती, म्हणून त्याने उचलला.

"गोळी घेतलीत का?"

मुकादमाने दोन्ही हातांनी फोन धरला. तीच होती. त्या आवाजासरशी सगळं आत उसळून आलं.

"बारके! अगं, कुठे आहेस तू?"

त्याच्या तोंडून 'बारके' आणि 'तू' ऐकून तिला किती दिवस झाले होते.

"दादाकडे," ती म्हणाली.

झालं. मुकादमाने फोन ठेवला, पायात बूट अडकवले आणि लेकीला हाकसुद्धा न मारता बस धरली. मेहुण्याच्या घराचं दार त्याने मुठीने बडवलं. दार उघडलं त्या बाईने.

"तुम्ही इथेही?" मुकादम म्हणाला.

बाईचे डोळे आनंदाने भरले होते ते तसेच राहिले. तिला बाजूला सारून तो आत घुसला. खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, कपाट उघडलं, माळ्यावर चढून पेट्यांमागे पाहिलं. "बारके! मी आलोय गं, बोल!" मेहुणा हात धरायला धावला, पण बाईने त्याला खुणेने थांबवलं. घरभर शोधून मुकादम रस्त्यावर आला. पाकिटातला बायकोचा फोटो काढून तो दिसेल त्याला विचारू लागला. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने फोटो पाहिला, मग मुकादमाच्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभ्या असलेल्या बाईला पाहिलं.

"काका, या काय तुमच्या मागेच उभ्या आहेत."

"या नव्हेत हो," मुकादम वैतागून म्हणाला. "या दुसऱ्या."

सायकलवाल्याने विचारायच्या नजरेने बाईकडे पाहिलं. बाई म्हणाली, "हो. मी दुसरी. ते सांगतात ती कुठे दिसली का तुम्हाला?"

मुकादमाने चमकून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्याचं म्हणणं खरं धरणारं हे पहिलंच माणूस.

फिरून फिरून त्याचे पाय भरून आले. बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. बाईने बाटली पुढे केली. पाणी पिऊन तो म्हणाला, "तुम्ही चांगल्या घरच्या वाटता. खरं सांगा, मी कोणाला बोलणार नाही. कोणी पाठवलं तुम्हाला?"

बाई रडून, समजावून, पुरावे देऊन थकली होती. ती समोरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत म्हणाली, "बारकीने."

"काय?"

"तीच म्हणाली, मला यायला वेळ लागेल. तोवर त्यांचं जेवणखाण, गोळ्या तू बघ."

"वेळ का लागेल? रुसलीय का?"

बाईने विचार केला. "थोडी रुसलीय."

मुकादमाने बाटलीचं झाकण फिरवून बसवलं. इतक्या दिवसांत त्याला जे जे सांगण्यात आलं होतं, त्यात ही पहिलीच गोष्ट त्याला पटण्यासारखी वाटली. बारकी रुसायची. रुसली की दोन-दोन दिवस तोंड उघडायची नाही.

"चला मग घरी," तो म्हणाला.

त्यानंतर घरात एक विचित्र तह झाला. लेक आपल्या घरी परतली. मुकादम बाहेरच्या खोलीत झोपायचा, बाई आत. तो तिला अहो म्हणायचा, ताट स्वतः उचलायचा, तिच्यासमोर उघड्या अंगाने वावरायचा नाही. बारकीला द्यायचे निरोप मात्र तो तिच्याकडे द्यायचा.

"तिला सांगा, कावळी गाभण आहे, दिवस भरत आलेत."

"सांगते."

"तिला सांगा, त्या पहिल्या दिवशी तिने वैरण नाकाला लावली ना, मी वास घेतलाच नव्हता. मी तिचा हात बघत होतो. माल दमटच होता बहुतेक."

बाई मान खाली घालून भांडी लावत राहिली. एवढ्या वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि एक सांगा. म्हणजे बघा, राग येईल तिला. पण चहा तुमचा तिच्यापेक्षा बरा होतो."

"हे नाही सांगायची मी," बाई फणकाऱ्याने म्हणाली आणि तिला स्वतःलाच कळेना की आपण रागावलो कोणावर.

संध्याकाळी फोनवर बारकी भेटायची. मुकादम त्या वेळेची वाट पाहायचा, केसांवरून कंगवा फिरवून बसायचा. पण जुनी नजर काही सुटलेली नव्हती. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की फोन येतो तेव्हा बाई घरात नसते. वाळत घातलेले कपडे आणायला म्हणून ती मागच्या अंगणात जाते आणि फोन संपला की परत येते. रोज. बाई आणि बारकी कधी एकावेळी सापडतच नव्हत्या. आता कुठे माग लागला, असं त्याला वाटलं. ही बाई तिकडून काहीतरी करते. कदाचित बारकीला मागच्या गल्लीत आणून उभी करत असतील.

एक दिवस फोन आल्यावर तो बोलता बोलता उठला आणि दबक्या पावलांनी मागच्या दाराकडे गेला.

"कावळी चारा खाते ना नीट?" कानातला आवाज म्हणाला. आणि तेच शब्द, किंचित आधी, दाराच्या फटीतूनही आले.

मुकादमाने फटीला डोळा लावला. अंगणात उपड्या बादलीवर ती बसली होती. पाठ त्याच्याकडे. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने मांडीवरच्या सदऱ्याची उलटलेली बाही सरळ करत होती. मानेवरचं हाड थोडं वर आलेलं. वाकून बसायची ती ढब. ती बारकी होती. बारकी, त्याच्याच अंगणात, त्याच्याच बादलीवर. त्याच्या छातीत असं काही उमाळून आलं की हाक ओठांवर आली.

आणि तो थांबला. हाक मारली तर ती वळेल. वळली की तोंड दिसेल. तोंड दिसलं की पुन्हा ती बाई.

त्या फटीपाशी उभं असताना मुकादमाच्या संशयाने पहिल्यांदाच दिशा बदलली. पाठ बायकोची, आवाज बायकोचा, फक्त तोंड परक्याचं, असा कट कोण कसा करणार? सगळ्यांवर डोळा ठेवणाऱ्या त्या माणसाला आपल्याच डोळ्यांची शंका आली.

"अहो, आहात ना?" फोनमध्ये आणि अंगणात एकदमच आवाज आला.

"आहे," तो म्हणाला आणि पाय न वाजवता मागे सरकला.

हे त्याने कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस तो बाईच्या तोंडाकडे बघणंच टाळत होता. तिसऱ्या दिवशी गोठ्यावरून सांगावा आला की कावळी व्यायली, वासरू बरं आहे, पण ती कोणाला कासेला हात लावू देत नाही, आणि कास दगडासारखी झालीय. मुकादम निघाला. बाई कामाचा जुना, डागाळलेला कोट अंगात चढवत त्याच्या आधी दाराबाहेर पडली. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

या खेपेला मुकादम लांब, दाराशीच उभा राहिला. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या गाईंनी माना वर केल्या. बाई सरळ कावळीपाशी गेली. "काय झालं गं? एवढं काय झालं रुसायला?" असं काहीबाही बोलत तिने कपाळ गाईच्या कुशीला टेकवलं. परीक्षा वगैरे आता तिच्या डोक्यातच नव्हती, गाय दुखत होती एवढंच तिला दिसत होतं. कावळीने मान मागे वळवली, तिच्या कोटाची बाही हुंगली, मग खरखरीत जिभेने कोपरापर्यंत हात चाटून काढला. तिच्या कासेवरचा ताण सैल होताना मुकादमाला लांबूनही दिसला. पहिल्या धारा बादलीच्या तळावर वाजू लागल्या.

तो पुढे गेला. तिच्या मागेच, हाताच्या अंतरावर उभा राहिला.

"ही ओळखते तुम्हाला," तो म्हणाला.

"मग? बाटली लावून वाढवलीय मी तिला." ती धार काढतच राहिली.

"मला नाही ओळखू येत. पाठमोरी असलीस की येते. तोंड बघितलं की जाते. मी काय करू?"

ती वळली नाही. वळायची तिला फार इच्छा झाली असेल, पण ती वळली नाही. गाईच्या कुशीवर डोकं टेकून म्हणाली, "मग असेच उभे राहा थोडा वेळ. घाई काय आहे?"

तिथून पुढे मुकादमाने ठरवून टाकलं की या एका बाबतीत कावळीचं मत आपल्यापेक्षा खरं धरायचं. तोंड परकं वाटलं की तो तिचा डागाळलेला कोट आठवायचा, तो चाटलेला हात आठवायचा. वाटणं आणि मानणं यात तफावत होती, पण तो मानून चालू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलं आहे, वाट मोकळी व्हायला वेळ लागेल. मेहुणा आला की मात्र मुकादमाला अजूनही वाटायचं, हा आत जाऊन काय कुजबुजणार? तेवढं त्याच्याने सुटलं नाही.

मग एका सकाळी त्याला त्याचे बूट जागेवर दिसले नाहीत. तो थेट स्वयंपाकघरात जाऊन कडाडला, "अगं, किती वेळा सांगितलं तुला, बूट उन्हात ठेवू नकोस म्हणून! फाटतात ते!" तिच्या तोंडावर ओरडला, समोरासमोर. ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकून हसू लागली. परक्या बाईवर असं कोण ओरडतं? मुकादमालाही उमगलं आणि तो खुळ्यासारखा बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा गेलं, तो पुन्हा "अहो" म्हणाला. पण नंतर परत आलं. असं येत-जात, कधी दुपारी, कधी आठवड्याने, अखेर ते राहिलं. नक्की कुठल्या दिवशी राहिलं, ते दोघांपैकी कोणालाच सांगता आलं नसतं.

राहिलं तेव्हा मुकादमाला एक निराळीच लाज वाटू लागली. वैरणीच्या गोष्टीपासून चहापर्यंत, बारकीसाठी दिलेले सगळे निरोप बारकीने समोर बसून ऐकले होते. तो विषय तो काढत नसे. तीही काढत नसे, फक्त चहा देताना कधीकधी कप जरा जोरात ठेवायची.

मुकादम गोठ्यावर परत रुजू झाला. लोक म्हणाले, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठला, नशीब. तो सगळ्यांना हो म्हणायचा. घरातली एक गोष्ट मात्र त्याने बोलून दाखवली नाही. रोज सकाळी तो डोळे उघडायचा तेव्हा बारकी आधीच जागी असायची, कुशीवर वळलेली, त्याच्या तोंडाकडे टक लावून. प्रेमाची नजर नव्हती ती. ही नजर त्याच्या चांगल्या ओळखीची होती. नवी गाय कळपात सोडली की बाकीच्या गाई तिच्याकडे अशाच बघतात. त्याच्या डोळ्यांत काय उतरतंय, ओळख की परकेपणा, ते ती रोज नव्याने तपासत होती. त्याने "अगं" म्हटलं की मगच ती उठायची.

"काय बघतेस?" एकदा त्याने विचारलंच.

"कुठे काय," ती केस बांधत म्हणाली. "जाग आली का ते बघत होते."

मुकादमाला ते काही पटलं नाही.